‘गोळी गरम पडली’ म्हणजे नेमकं काय? औषधांच्या प्रतिकूल प्रतिक्रियांबद्दल वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार्माकॉलॉजीला (औषधशास्त्राला) दुसऱ्या वर्षाची नवी बॅच आली की हे प्रश्न पुन्हा येतात. वर्गात उत्तर देताना तास संपतो आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते आहे. उदाहरणं सांगली-मिरजेच्या वॉर्डांत आणि ओपीडीत जे दिसतं त्यातलीच आहेत. शेवटच्या काही प्रश्नांपैकी एक शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचा आहे, तोही सोडलेला नाही.

एडीआर (अॅडव्हर्स ड्रग रिअॅक्शन, औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया) म्हणजे साइड इफेक्टच ना?

बोलण्यात आपण दोन्ही एकच मानतो, पण कागदावर फरक ठेवा. एडीआर म्हणजे नेहमीच्या मात्रेत, योग्य कारणासाठी दिलेल्या औषधाने झालेला, आपल्याला नको असलेला अपाय. टीबीच्या रुग्णाला रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, तो साइड इफेक्ट आहे, अपाय नाही. त्याच रुग्णाची भूक मेली, मळमळायला लागलं, डोळे पिवळे दिसले, तर ती टीबीच्या औषधांनी यकृताला झालेली इजा असू शकते आणि तिथे एक दिवसही थांबून चालत नाही. केशरी लघवीबद्दल आधी सांगितलं नसेल तर रुग्ण घाबरून गोळ्या बंद करतो, हे मात्र विसरू नका.

रुग्ण कधीच ‘मला रिअॅक्शन आली’ असं म्हणत नाही. मग ओळखायचं कसं?

म्हणतो, पण त्याच्या शब्दांत. पुस्तकातली यादी पाठ असलेला विद्यार्थी वॉर्डात अडतो तो इथेच.

‘गोळी गरम पडली’ हे वाक्य आपल्या भागात रोज ऐकायला मिळतं. त्याच्या पोटात दहा अर्थ असतात: पोटात आग, तोंड येणं, अंगावर पुरळ, लघवीला जळजळ, नाकातून रक्त. ऐकून मान डोलवू नका, पुढचा प्रश्न विचारा. ‘गरम पडली म्हणजे काय झालं, मावशी? कुठं झालं? गोळी घेतल्यावर किती वेळानं?’ एवढ्या तीन प्रश्नांत निम्मं काम होतं.

‘पित्त’ या शब्दाने तर भलेभले फसतात. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, आणि ‘पित्त उठलंय’ म्हणजे अंगावर गांध्या. घाईच्या ओपीडीत दुसरं वाक्य पहिल्यासारखं ऐकू येतं, अॅसिडिटीचं पँटोप्राझोल लिहून दिलं जातं आणि गांध्या उठवणारी अँटिबायोटिक चालूच राहते. म्हणून बाही वर करायला सांगा. बघितल्याशिवाय पित्तावर गोळी लिहू नका.

‘तोंड आलंय’ म्हटलं की बी-कॉम्प्लेक्स देऊन मोकळं व्हायची सवय आहे. सांधेदुखीच्या आजींना आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली गेली, तर पहिली खूण अनेकदा तोंड येण्याचीच असते. तिच्यामागे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत असतात. ‘ढास लागलीय’ म्हणजे कोरडा, थांबत नसलेला खोकला. बीपीसाठी एनालाप्रिल चालू आहे का ते आधी पाहा. ‘पाय सुजल्यात, चप्पल बसत नाही’ असं सांगणाऱ्या काकांच्या चिठ्ठीवर पाय सुजवणारं बीपीचं अॅम्लोडिपिन असतं. ‘दरदरून घाम सुटला, हातपाय गळाले’ असं नवरात्रात किंवा एकादशीला कुणी सांगितलं, तर उपास धरून मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली का हे विचारा.

मिरजेत अथणी, चिकोडी, जमखंडीकडून येणारे रुग्ण रोज असतात. गोळीला ‘गुळिगे’ आणि खाजेला ‘तुरिके’ म्हणतात, एवढं कन्नड तरी प्रत्येकाला यावं असा माझा आग्रह आहे. नातेवाइकाने भाषांतर करून सांगितलं की ‘गुळिगे खाल्ल्यावर तुरिके आली’मधला ‘खाल्ल्यावर’ हमखास गळतो, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच शब्द.

एखादी रिअॅक्शन अशी आहे का, जी घरचे आजार म्हणून सांगतच नाहीत?

आहे. उलट्या होतात म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मेटोक्लोप्रामाइड दिलं जातं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिची मान एका बाजूला वळते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो, बोलता येत नाही. मुलगी पूर्ण शुद्धीवर असते, तिला सगळं ऐकू येत असतं. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालं.’ लिंबू-अंगारा होतो, काही घरांत देवऋष्याकडे नेलं जातं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत रात्र उलटलेली असते.

हा अॅक्यूट डिस्टोनिया, म्हणजे औषधाने स्नायू अचानक आखडणं. तरुण वयात जास्त दिसतो. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. बरी झालेली मुलगी आईकडे बघून रडायला लागते, ते एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी हे औषध आयुष्यभर विसरत नाही. आईला त्याच वेळी, तिच्या भाषेत सांगायचं: ‘पोरीला काही लागलेलं नाही. उलटीच्या औषधानं असं झालं. हे औषध तिला परत द्यायचं नाही.’ हे बोलणं राहिलं तर गोळी फिरून घरात येईल आणि गावात मुलीच्या नावाला कायमचा डाग लागेल. एडीआर कळवायचा फॉर्म त्यानंतर भरा, पण भरा.

औषधांचा इतिहास घ्यायचा कसा? रुग्णाला नावंच माहीत नसतात.

पिशवी मागा. खाटेखाली किंवा उशाशी एक प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात जुन्या चिठ्ठ्या, एक्सरे, अर्धवट स्ट्रिपा आणि कधी शेजारणीने दिलेली गोळीही असते. सगळं खाटेवर ओता आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन विचारा, ही कधीपासून, कशासाठी, आजही घेतली का.

इथे एक अडचण हमखास येते. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो आणि बॅच नंबर, मुदत छापलेलं टोक त्याच्याकडेच राहतं. अशा वेळी बिल शोधा, नाहीतर नातेवाइकाला त्याच दुकानात पाठवून उरलेल्या स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो मागवा. मुख्य म्हणजे ‘औषध’ या शब्दावर थांबू नका. ‘गोळी नाही हो, फक्त ताकदीचं टॉनिक’, ‘ती तर पुडी आहे’, ‘डोळ्यात थेंब घालते’, ‘गुडघ्यात सुई मारली’ ही सगळी औषधंच आहेत. रुग्णाच्या हिशेबात ती धरलेली नसतात, एवढंच.

मला शंका आहे, खात्री नाही. तरी कळवू का?

हो. फॉर्मच्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे. खात्री करणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम शंका नीट नोंदवण्याचं.

शंका बळकट आहे की कच्ची, हे ठरवायला काही प्रश्न स्वतःला विचारा. औषध आधी आणि त्रास नंतर, असा क्रम बसतो का? औषध बंद केल्यावर कमी झालं का? पूर्वी कधी हेच औषध घेतल्यावर हेच झालं होतं का? मूळ आजाराने किंवा दुसऱ्या औषधाने हे होऊ शकतं का? नारान्जो यांची १९८१ची दहा प्रश्नांची मोजपट्टी याच विचारांवर उभी आहे. ९ किंवा अधिक गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ शक्य, त्याखाली संशयास्पद. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत गुण मोजत नाही, वर्ग पाडते, आणि आपल्याकडे केंद्रांवर तीच जास्त वापरली जाते. दोन्ही शिका. पण गुण कमी आले म्हणून फॉर्म फाडू नका. एका वॉर्डातला ‘शक्य’ आणि दुसऱ्या जिल्ह्यातले तसेच पंधरा ‘शक्य’ एकत्र आले की चित्र दिसायला लागतं.

एक सक्त सूचना. खात्री करायची म्हणून तेच औषध रुग्णाला पुन्हा देऊन बघायचं नाही. पूर्वी चुकून पुन्हा दिलं गेलं असेल तर त्याची नोंद करा. तेवढी पुरे.

फॉर्ममध्ये किमान काय हवंच?

चार गोष्टी: ओळखता येईल असा रुग्ण (आद्याक्षरं आणि वय चालतं, पूर्ण नाव नको), संशयित औषध, झालेली प्रतिक्रिया आणि कळवणाऱ्याची माहिती. यातली एक जरी नसली तरी अहवाल पुढे जात नाही.

खरा कस लागतो तो वर्णनाच्या चार ओळींत. दरवर्षी माझ्याकडे पहिल्यांदा जे येतं ते असं असतं: ‘गोळी घेतल्यावर रुग्णाला रॅश आला.’ ते मी परत करते. तोच विद्यार्थी वॉर्डात परत जाऊन बसतो आणि मग असं लिहून आणतो:

‘५२ वर्षांची महिला. लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्साझोलची गोळी दिवसातून दोनदा, ३ तारखेला सकाळी सुरू. ४ तारखेला दुपारी खालच्या ओठावर आणि उजव्या तळहातावर जांभळट गोल डाग, आग होते. गोळी त्याच दिवशी बंद. सहा दिवसांत आग थांबली, डाग काळसर होऊन राहिले. दोन वर्षांपूर्वी जुलाबावरची गोळी घेतल्यावर याच दोन जागी डाग आले होते असं रुग्ण सांगते. त्या गोळीचं नाव माहीत नाही.’

हे फिक्स्ड ड्रग इरप्शन (औषधाने दर वेळी त्याच जागी उठणारे डाग) आहे, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. ‘याच दोन जागी’ या तीन शब्दांत निदान आहे. ते शब्द दुसऱ्यांदा विचारायला गेल्यावर मिळाले.

सगळ्याच रिअॅक्शन कळवायच्या, की फक्त गंभीर?

सगळ्या. जुन्या औषधाच्या, पुस्तकात छापलेल्या, किरकोळ वाटणाऱ्यासुद्धा. गंभीर असेल तर लगेच, त्याच दिवशी. गंभीर म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, दवाखान्यात भरती व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, किंवा यांतलं काही होऊ नये म्हणून करावा लागलेला उपचार. ‘तीव्र’ आणि ‘गंभीर’ यांत गल्लत नको. प्रचंड खाज तीव्र असेल, पण गंभीर असेलच असं नाही. पुरळाबरोबर ताप, ओठ-डोळे लाल आणि कातडी सुटायला लागणं दिसलं तर फॉर्म नंतर, आधी सिनियरला फोन.

सर्पदंशावरच्या लसीची (म्हणजे प्रतिविषाची) रिअॅक्शन कळवायची का? ती तर येतेच.

‘येतेच’ म्हणूनच कळवायची. बत्तीस शिराळ्याचा आपला जिल्हा. शेतीची लाईट रात्री येते, उसाला पाणी पाजायला माणूस अंधारात जातो आणि घोणस किंवा मण्यार चावते. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होतं, त्यामुळे आपलं शरीर त्याच्याशी झगडू शकतं.

तीन वेळा लक्ष ठेवायचं. पहिली वेळ प्रतिविषाचं सलाईन सुरू केल्यापासून दहा मिनिटं ते तीन तास. गांध्या, खाज, उलटी, दम, बीपी उतरणं असं काही दिसलं की प्रतिविष थांबवून प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूत. साधारण तासा-दोन तासांनी थंडी वाजून हुडहुडी भरली आणि ताप आला, तर ती पायरोजेनिक प्रतिक्रिया. तिचं मूळ बऱ्याचदा बाटलीतल्या अशुद्धतेत असतं, म्हणून इथे बॅच नंबरला सोन्याची किंमत आहे. रिकाम्या बाटल्या कचऱ्यात जाण्याआधी नंबर टिपून घ्या. तिसरी वेळ सगळे विसरतात. घरी गेल्यावर, बहुधा आठवड्याभराने, ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ. रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्याला कधी कळतच नाही. डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटं बसून हे सांगितलं तर तो परत येईल.

कळवलं तर डॉक्टरवर, कॉलेजवर किंवा माझ्यावर बालंट येईल का?

नाही. अहवाल देणं म्हणजे कुणाची चूक कबूल करणं नाही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते.

पण भीती असते ती बहुधा कायद्याची नसते. युनिटच्या सिनियरचं औषध, त्यावर आपण बोट कसं ठेवायचं, ही असते. याबद्दल माझं स्वतःचं सांगते. मी इंटर्न होते तेव्हा ओपीडीत एक आजी दर पंधरवड्याला ढास घेऊन यायच्या. आम्ही तीन महिने खोकल्याची बाटली बदलत राहिलो. एनालाप्रिल त्यांच्या कार्डावर पहिल्या ओळीत होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत आजींची रात्रीची झोप परत आली. ‘तीन महिने उशीला पाठ लावली नव्हती’ असं त्या म्हणाल्या. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि हे सगळं लिहिण्यामागे तेच आहे.

सिनियरशी बोलायचा सोपा मार्ग असा: ‘सर, या औषधानं असं होऊ शकतं असं वाचलंय. फॉर्म भरून ठेवू का?’ चांगला सिनियर ‘भर’ म्हणतो. बहुतेक जण चांगलेच असतात.

फॉर्म द्यायचा कुठे, आणि पुढे तो जातो कुठे?

आपल्या रुग्णालयातल्या एडीआर देखरेख केंद्रात, म्हणजे बहुतेक ठिकाणी फार्माकॉलॉजी विभागात. विद्यार्थ्याने युनिटच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरावा. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट सगळे कळवू शकतात. वॉर्डातल्या सिस्टरना विसरू नका. रात्री दोन वाजता पुरळ पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. जवळ केंद्र नसेल तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर किंवा मोबाईल अॅपवरून कळवता येतं. रुग्णाने स्वतः भरायचा वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो.

केंद्रातून अहवाल गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जातो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि २०११ पासून त्याचं राष्ट्रीय समन्वय हा आयोग करतो. तिथून नोंद स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात पोहोचते. मिरजेच्या खाटेवरच्या आजींचा पुरळ जगभरच्या नोंदींशेजारी जाऊन बसतो.

माझ्या एका फॉर्मने काय फरक पडणार?

थॅलिडोमाइड हे उलटीवरचं आणि झोपेचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विकायला आलं. हातपाय न वाढलेली बाळं जन्मू लागली, जगभरात दहा हजारांहून अधिक. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड आणि जर्मनीत लेंझ या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवरून शंका उघडपणे मांडली. त्यांनी आधी पुरावा पूर्ण होण्याची वाट पाहिली असती तर आणखी किती बाळं? जागतिक आरोग्य संघटनेचा देखरेख कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू झाला तो या घटनेनंतर. भारत त्यात १९९८ मध्ये आला.

जवळचं उदाहरण हवं असेल तर हॉस्टेलच्या खोलीत बघा. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात ती मेफेनामिक अॅसिडची गोळी. आयोगाने भारतात आलेल्या अहवालांवरून २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली, की या औषधाने ड्रेस नावाची गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते: ताप, पुरळ, गाठी सुजणं, यकृतासारख्या अवयवांना इजा, आणि तीही औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी. हे अहवाल कुणीतरी, कुठल्यातरी वॉर्डात बसून भरले होते.

आणि न भरलेले किती? १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा न कळवल्या जाणाऱ्या प्रतिक्रियांच्या प्रमाणाचा मध्यक (मीडियन) ९४ टक्के निघाला.

आयुर्वेदिक औषध किंवा ‘पुडी’ असेल तर?

आयुष औषधांसाठी २०१८ पासून वेगळा दक्षता कार्यक्रम आहे, पण रुग्ण आपल्या वॉर्डात असेल तर आपल्या फॉर्ममध्ये सोबतच्या औषधांत ते लिहाच. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुडीने आठ दिवसांत चमत्कार झाला, चेहरा गोल झाला, साखर वाढली, तर स्टेरॉइडची शंका घ्या आणि पुडी एकदम बंद करायला सांगू नका. रुग्णाला रागावूही नका. रागावलात तर पुढच्या वेळी पुडी पिशवीतून गायब झालेली असेल.

सहकाऱ्यांचा प्रश्न: हे शिकवायचं कसं? व्याख्यान तर सगळेच देतो.

व्याख्यानाने परीक्षेतलं उत्तर सुधारतं, वॉर्डात हात चालत नाही. २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात एडीआर ओळखणं आणि कळवणं हे कौशल्य म्हणून आलं आहे, आणि कौशल्य खाटेजवळच येतं.

मी जे करते ते सांगते. दोघांची जोडी, एक रुग्ण, एक पिशवी, चाळीस मिनिटं. फॉर्म कोरा. पहिला फॉर्म वाईटच येतो, तो वर्गात सगळ्यांसमोर न वाचता त्या जोडीसोबत बसून वाचायचा. सराव म्हणून एक जण रुग्ण होतो आणि त्याला ताकीद असते की फक्त गावच्या भाषेत बोलायचं, ‘रॅश’ हा शब्द उच्चारायचा नाही. सांगली शहरातली मुलं इथे अडखळतात, जत-आटपाडीची मुलं त्यांना शिकवतात. वर्गातला तो तास मला सगळ्यात आवडतो.

आणि फॉर्म पुढे पाठवल्यावर विद्यार्थ्याला त्याचं काय झालं ते सांगा: कोणता वर्ग ठरला, कोणती माहिती कमी पडली. उत्तरच मिळालं नाही तर तो दुसरा फॉर्म भरत नाही. फॉर्मांच्या संख्येवरून गुण देऊ नका. तसे दिले की शेवटच्या आठवड्यात वीस सारखेच जुलाब येतात.

परीक्षेला काय येतं?

बहुधा एक छोटी केस आणि कोरा फॉर्म. तारखा, मात्रा, औषध बंद केल्याचं आणि नंतर काय झालं हे लिहा.

फॉर्म गेला. रुग्णाला काय द्यायचं?

एक चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची, जाड कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत. औषधाचं मूळ नाव देवनागरीत आणि मेडिकलवाल्यासाठी इंग्रजीतही, बाजारातली दोन-तीन नावं, काय झालं होतं, तारीख, आपल्या विभागाचा शिक्का. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी त्या स्ट्रिपचं चित्र काढून त्यावर लाल फुली. आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातच ती ठेवायला सांगा, कारण ते पाकीट प्रत्येक दवाखान्यात बाहेर निघतं. मग रुग्णाकडून वदवून घ्या: ‘पुढच्या डॉक्टरांना काय सांगाल?’ ओठावर डाग आलेल्या त्या मावशी चिठ्ठी हातात धरून म्हणाल्या होत्या, ‘ह्यी गोळी मला सोसत न्हाई, आधी ह्ये वाचा, मग लिवा.’